पाण्याला कुंपण नको, पायऱ्या हव्यात

15 जून 2025 च्या रविवारी मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. आदल्याच वर्षी, 30 जूनला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. त्यांत चार लहान मुलं होती. दोन्ही वेळा पुढचे आठ-दहा दिवस जो वाद झाला तो मी वाचत होते, ऐकत होते, आणि दोन्ही वेळा मला एकच गोष्ट खटकली. एक बाजू म्हणत होती, पर्यटकांना शिस्त नाही, बंदी घाला. दुसरी बाजू म्हणत होती, प्रशासन झोपलं होतं, बंदी का घातली नाही? भांडण जोरात होतं, पण मागणी दोघांची एकच होती. आणि कुंडमळ्याच्या पुलापाशी धोक्याचा फलक होताच. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होतं, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. तिथे फलक कमी पडला नव्हता, पूल कमी पडला होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नदी, तलाव आणि धरणाचा जलाशय ही सगळ्यांच्या मालकीची ठिकाणं आहेत. तिथे जाणं, बसणं, पोहणं, होडीतून फिरणं ही माणसाची साधी आणि रास्त गरज आहे, आणि त्या पाण्यापर्यंत नीट पोहोचता येईल अशी सोय करणं हे शासनाचं काम आहे. सरसकट बंदीने हे काम होत नाही, ते टाळलं जातं. मी हे सातारा जिल्ह्याकडे बघून लिहिते आहे, कारण तो मला माहीत आहे आणि इतकं पाणी फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आलं आहे. कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना या नद्या, धोम आणि कण्हेर ही धरणं, आणि कोयना धरणाचा 105 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) शिवसागर जलाशय.

वाईला कृष्णेच्या घाटावर मी पोहायला शिकले. मे महिन्याची सुट्टी, सकाळची साडेसहाची वेळ, पाठीला सुती दोरीने बांधलेला पत्र्याचा डबा. आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि मी रडकुंडीला आले की म्हणायची, "पाय हलव गं, डबा काही तुझ्यासाठी पोहणार नाही." पण तिने पहिल्या दिवशी मला पाण्यात उतरवलं नव्हतं, पायऱ्या मोजायला लावल्या होत्या. सातव्या पायरीपर्यंत पाय टेकतात, आठवीला शेवाळ आहे, त्याच्या पुढे डोह. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कट्ट्याला लागलं की घाटावर यायचंच नाही, ओले कपडे घरी नळाला पिळायचे. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण आळीतल्या प्रत्येक पोराला ते पाठ होते. घाट म्हणजे मला त्या वयात नुसत्या दगडाच्या पायऱ्या वाटायच्या. आज कळतं की पाण्याच्या प्रत्येक पातळीला माणसाला उभं राहायला जागा देणारी ती एक फार हुशार रचना आहे. पाणी चढलं तरी एक पायरी हाताशी असते, उतरलं तरी असते. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलं. त्याची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. त्या माणसांना पूर माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. म्हणूनच त्यांनी नदीकडे पाठ फिरवली नाही, तिच्यापर्यंत जाण्याची वाट नीट बांधली. मेणवलीला नाना फडणवीसांनी वाड्यामागे घाट बांधला तो याच रीतीने. अहिल्याबाई होळकरांचं नाव आज देशभर ज्या कामांमुळे घेतलं जातं, त्यांत घाट किती आहेत!

स्वातंत्र्यानंतर आपण धरणं बांधली आणि साताऱ्याच्या डोंगरांत शेकडो किलोमीटरचा नवा पाणकाठ तयार झाला. पूर्वी जिथे शेत, पांदण आणि गावठाण होतं तिथे पाणी आलं. या नव्या काठावर आपण किती घाट बांधले? धरणाच्या भिंतीजवळ बाग केली, विश्रामगृह केलं, फलक लावले. पण बाकीचा काठ म्हणजे मुरमाचा घसरता उतार, त्याखाली गुडघाभर गाळ, आणि पाण्यात बुडालेली झाडं, बांध, विहिरी. जलाशयाची पातळी ऑक्टोबर ते जून सतत उतरत असते, त्यामुळे मागच्या महिन्यातला काठ या महिन्यात खाली सरकलेला असतो, आणि नव्या काठाला पाय कुठे टेकेल हे ठाऊक नसतं. अशा काठावर घाटाची गरज नदीपेक्षा जास्त होती, आणि नेमकी तिथेच ती भागवली गेली नाही.

आता बंदीच्या कायद्याचं. दर पावसाळ्यात पुणे, सातारा, रायगड, नाशिक अशा जिल्ह्यांत धबधबे, धरणं, नदीपात्रं यांच्याजवळ जायला मनाई करणारे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. दंगल होईल, जीवाला तत्काळ धोका आहे, विचार करायला वेळ नाही, अशा वेळी वापरायचं हत्यार आहे ते. म्हणून असा आदेश एरवी दोन महिन्यांच्या वर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की या कलमाखाली पुन्हा पुन्हा आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. तो खटला काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा होता, पण तत्त्व सगळीकडे सारखंच लागू होतं. पाऊस काय तातडीने येतो? सह्याद्रीत दर वर्षी जूनमध्ये पाऊस पडतो हे आपल्याला कधी कळलं? जी गोष्ट दर वर्षी ठरलेल्या महिन्यात होते तिच्यासाठी नियोजन करायचं असतं. तिथे आणीबाणीचं कलम वापरलं जातं, याचाच अर्थ नियोजन केलेलं नाही.

या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तोपर्यंत. विरोधकांनी मग कोर्टात दावा केला की तळं खासगी आहे. त्या दाव्याचा निकाल लागायला दहा वर्षं गेली, 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाडच्या वेदनेची आणि आजच्या सहलीची तुलना मी करत नाही, करणं हा त्या लढ्याचा अपमान होईल. पण त्या लढ्याने आपल्या हाती दोन गोष्टी दिल्या, त्या विसरायच्या का? पहिली, संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट ही नावं घेऊन सांगितलं आहे की शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या अशा ठिकाणी धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. दुसरी, पाणी सार्वजनिक असल्याचा ठराव आणि त्या पाण्यापर्यंत पोहोचणारी वाट यांत फार मोठं अंतर असू शकतं.

ते अंतर आज पैशाने तयार होतं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव आणि त्यांचे तळ राज्य शासनाच्या मालकीचे आहेत. पण 1996 च्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मालकी विश्वस्ताची आहे, म्हणजे लोकांच्या वतीने सांभाळायची आहे. बियास नदीच्या काठी एका हॉटेलाने वनजमीन घेऊन नदीचा प्रवाहच वळवला होता, न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने 2019 मध्ये धरणांलगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहं खासगी सहभागातून पर्यटनासाठी देण्याचं धोरण आणलं. खासगी सहभागाला माझा विरोध नाही. प्रश्न असा आहे की भाडेपट्ट्यात पाण्यापर्यंतची सार्वजनिक वाट लिहिली जाते का?

गेल्या उन्हाळ्यात एका जलाशयाच्या काठी मी अर्धा तास उभी होते. पाण्यापर्यंत उतरत गेलेलं तारेचं कुंपण, मागे हिरवळ आणि तंबू. साठीच्या एक बाई डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन नेहमीच्या पायवाटेने आल्या. रखवालदाराने हात आडवा केला. पोरगा त्यांच्याच शेजारच्या वाडीतला होता, ओशाळलेला होता. "मावशी, इकडनं नाही आता. वरनं वळसा घालून जावा." वळसा म्हणजे पाऊण किलोमीटर, चढाचा. त्या पाटी खाली ठेवून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमचं जुनं गाव हाय ह्या पाण्याखाली. आन् मलाच इचारतोय, कुठं निघालीस म्हून." मग पाटी उचलली आणि वळशाच्या वाटेला लागल्या. बंदीचा आदेश त्या कुंपणाला लागू नव्हता. आतल्या पाहुण्यांसाठी काठावर तराफा बांधलेला होता, गळ्यात फुगीर जाकिटं घातलेली मुलं त्यावरून उड्या मारत होती. मुलं मजेत होती आणि सुरक्षित होती, आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल मुळीच नाही. जाकीट, तराफा आणि लक्ष ठेवणारा माणूस एवढ्यावर त्याच पाण्यात सुरक्षित पोहता येतं हे ती मुलंच दाखवून देत होती.

बंदीच्या बाजूने जे बोललं जातं त्यात खोटं काही नाही, आणि ते झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. देशात दर वर्षी 35 हजारांवर माणसं बुडून मरतात. लोणावळ्यातली शिवदुर्ग मित्रसारखी पथकं रात्री-अपरात्री दोर बांधून दरीत, डोहात उतरतात, बहुतेक वेळा प्रेत काढायला. या कार्यकर्त्यांनी स्वतःचा जीव किती वेळा पणाला लावायचा? दारू पिऊन आलेली टोळकी बायकांच्या पाणवठ्यावर गोंधळ घालतात, फुटलेल्या बाटल्यांनी म्हशींचे पाय कापतात, शेताच्या बांधावर घाण होते. काठावरच्या गावांनी हे सोसायचं आणि ढाब्यांचा गल्ला दुसऱ्यांनी मोजायचा, हा अन्याय आहे. यातल्या कोणत्याही गावाने ग्रामसभेत "पर्यटक नकोत" असा ठराव केला तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

पण मग बघा, बंदीने यातलं काय थांबतं? टोळकी थांबत नाहीत, कारण एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत पन्नास काठ असतात आणि रविवारी बंदोबस्ताला चार माणसं मिळतात. मुख्य ठिकाण बंद झालं की लोक आडबाजूच्या काठाला जातात. तिथे दुकान नाही, वस्ती नाही, आरडाओरडा केला तर ऐकायला कोणी नाही. थांबतं ते लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब, शाळेची सहल, मक्याची कणसं भाजणारी बाई. नियम पाळणारे मागे वळतात आणि न पाळणाऱ्यांच्या हाती काठ मोकळा मिळतो. घाटावर मी शिकले तेव्हा सर्वांत मोठी सुरक्षितता होती ती वर्दळीची. कपडे धुणाऱ्या बायका, संध्या करणारे म्हातारे, सूर मारणारी पोरं, सगळे एकमेकांना बघत असायचे.

माणसं बुडतात कशामुळे, हेही जरा खोलात जाऊन पाहू. "नदी धोकादायक आहे" असं म्हणून आपण मोकळे होतो. नदीपात्रात वाळू उपसून केलेले खड्डे उन्हाळ्यात उघडे दिसतात आणि पाणी आलं की झाकले जातात. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोहात पोहलेला माणूसही तिथे फसतो, कारण त्याच्या ओळखीचा तळच राहिलेला नसतो. धरणाखाली पाणी अचानक वाढतं. कोयनेच्या पायथा विद्युतगृहाचं एक जनित्र सुरू झालं की नदीत 1050 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1050 घनफूट, पाणी येतं, दुसरं सुरू झालं की 2100. ही वेळ धरणावरच्या माणसांना आधी माहीत असते, कारण ते दार त्यांनीच उघडायचं असतं. ती खालच्या प्रत्येक उतारावर, भोंग्याने आणि फळ्यावर, तितक्याच आधी पोहोचली पाहिजे. हे धोके शासनाच्या हातातले आहेत. त्यांचा हिशेब पर्यटकाच्या बेशिस्तीच्या खात्यावर मांडून कसं चालेल?

राहिला कुवतीचा प्रश्न: इतक्या काठांवर माणसं कुठून आणणार? आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी चंद्रभागेत स्नान करतात. तिथे होड्या असतात, पोहणारे तैनात असतात, पाणी किती सोडायचं याचा धरणावरून हिशेब होतो. नाशिकला सिंहस्थासाठी रामकुंडावर वर्षानुवर्षं आधी तयारी चालते. तिथे कोणी बंदीची मागणी करतं का? म्हणजे नदीवर गर्दी सांभाळणं राज्याला चांगलं जमतं, आणि जमतं याचा मला अभिमानही आहे. मग श्रद्धेने आलेल्या माणसासाठी व्यवस्था, आणि पोहायला आलेल्या पोरासाठी मनाई, हा भेद कशासाठी? वाईच्या घाटावर तो कधीच नव्हता. कृष्णाबाईचा उत्सव ज्या पायऱ्यांवर होतो त्याच पायऱ्यांवर आम्ही डबे बांधून पोहायचो. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, आणि ते समुद्रापुरते थांबलेले नाहीत, दूधसागर आणि मये तलावावरही नेमले गेले. आपल्या काठांवरच्या वाड्यांत उत्तम पोहणारी पोरं आहेत आणि त्यांना काम नाही. पट्टीचा पोहणारा तिथेच जन्मलेला आहे, त्याला पगार द्यायचा आहे एवढंच.

पिण्याच्या पाण्याचा आणि धरणाच्या सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. भिंत, सांडवा, पाणी उचलण्याची विहीर यांच्या आसपास कोणीही फिरकू नये. पण "आसपास" म्हणजे किती, हे ठरवता येतं आणि बदलताही येतं. कोयनेच्या भिंतीपासून सात किलोमीटरचा जलाशय शासकीय गुपिते कायद्याखाली वर्ज्य होता. जलपर्यटन आणायचं ठरलं तेव्हा तो पट्टा दोन किलोमीटरवर आणला गेला आणि जावळी तालुक्यात मुनावळ्याला शासनाचं केंद्र उभं राहिलं. ते झालं हे चांगलंच झालं. पण गावकरी इतकी वर्षं तीच सवलत मागत होते तेव्हा सात किलोमीटर अपरिहार्य कसे होते? शेजारी तापोळा आणि बामणोलीला तर स्थानिकांचे बोट क्लब कित्येक वर्षं चालू आहेत. बुडालेल्या गावांच्या पोरांनी तिथे होडीच्या धंद्यावर घरं उभी केली. वासोटा किल्ल्याला जायचं तर तिथूनच लाँच, वनखात्याची परवानगी, आणि पावसाळ्यात बंद म्हणजे बंद. अशा बंदीला माझी तक्रार नाही. ती एका जागेची, एका मोसमाची आहे आणि तिचं कारण सांगता येतं, म्हणून लोक ती पाळतात.

आणि पोहणं शिकवा. बांगलादेशात मुलं बुडण्याचं प्रमाण भयंकर होतं. तिथे तळ्यातच बांबूची चौकट बांधून गावातल्या मुलांना पोहायला आणि दुसऱ्याला वाचवायला शिकवलं गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आज हाच उपाय सांगते. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांत बुडून होणाऱ्या मृत्यूंविरुद्धचा ठराव बांगलादेशाने पुढाकार घेऊन मांडला, त्यातूनच 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस आला. आपल्याकडे नदीकाठच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलंसुद्धा आता पोहायला शिकत नाहीत. आई-वडिलांनी धाकाने पाण्यापासून लांब ठेवलेली ही मुलं अठराव्या वर्षी मित्रांबरोबर पहिल्यांदा डोहाशी जातात. त्यांना पाण्याची भीती घातली गेली, पाण्याची ओळख करून दिली गेली नाही. मुलींचं तर विचारूच नका. माझ्या आत्यासारखी बाई आज घाटावर उभी राहू म्हणाली तरी तिथल्या सांडपाण्यात आणि जलपर्णीत ती भाचीला उतरवणार नाही. घाट आहेत तिथे पाणी घाण केलं आणि पाणी स्वच्छ आहे तिथे घाट बांधले नाहीत, अशी आपली गत झाली आहे.

सुरुवात कुठून करायची हे मला तरी स्पष्ट दिसतं. प्रत्येक भाडेपट्ट्यात पाण्यापर्यंत दोन बैलं जातील एवढी वाट राखलेली असावी, आणि जिथे कुंपण आधीच घातलं गेलं आहे तिथे ते तोडून वाट काढावी. प्रत्येक जलाशयाला निदान एक घाट, त्याच गावाच्या दोन पोहणाऱ्यांच्या देखरेखीखाली. येणाऱ्याकडून दहा-वीस रुपये घ्या, गावाकडून घेऊ नका, आणि ते पैसे ग्रामपंचायतीत ठेवा. घाट किती लांब करायचा आणि कुठे, हे ठरवायला सल्लागार नेमावा लागणार नाही. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि तेव्हा जलाशय काठोकाठ भरलेला असतो. त्या दिवशी सभा काठावर घ्या आणि पाणी जिथे लागलं आहे तिथे पहिल्या पायरीची खूण करा. 1 मेच्या ग्रामसभेला पाणी खाली गेलेलं असेल, तेव्हा पुन्हा तिथेच जमा आणि शेवटच्या पायरीची खूण करा. ती खूण करायला धुण्याची पाटी घेऊन येणाऱ्या बाईंना आधी बोलवा. कुठे पाय टेकतो आणि कुठे टेकत नाही, ते त्यांना पाठ आहे.